चाळीस लिटर

रंगखात्यात तीस वर्षं मी मीठ पोत्यानं ओतलं.
मीठ नसलं तर रंग सुताला धरत नाही,
पाण्यातच रेंगाळतो भिडस्त पाहुण्यासारखा.
आता चमच्यानं घेतो,
पुण्याहून कुरिअरनं आलेल्या डब्यातलं.
बादलीत ढवळतो, हायड्रोमीटर सोडतो.
तो डुलतो, डुलतो, थांबतो.
एक पॉइंट शून्य दोन पाच.
हौदावरही असाच वाकायचो, चष्मा कपाळावर,
फक्त खाली टॉवेल असायचे.

शामलानं पावती उलटसुलट पाहिली.
"एवढ्यात दोन वर्षांचं लोणचं झालं असतं."

पहिले पाच आठवडे काचेत काही नव्हतं.
दगड, वाळू, पंपाची घरघर.
यल्लप्पा दारातून डोकवायचा,
"काय करलालास बे मास्तर? दगड पाळलास का?"
मुरतंय, म्हणायचो.
नळीत थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं.
हिरवं आलं तर विष आहे अजून.
आयुष्यभर रंग चढायची वाट पाहिली,
इथं उतरायची पाहत बसलो.
एका मंगळवारी फिक्कं पिवळं आलं,
आणि सांगायला घरात कुणी नव्हतं.

नळाला पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री दोनला.
फिल्टर एक लिटर चांगलं देतो, तीन लिटर टाकतो.
टाकलेलं शामला भांड्यांना घेते.
बोलत काही नाही,
भांडी बोलतात.

मग गोगलगायी आल्या, चार.
मग बोटाएवढा मासा, केशरी,
ज्याला आमच्या खात्यात 'नंबर सात' म्हणाले असते.
मग झेनिया. प्रवाळच, पण मऊ,
देठाच्या टोकाला इवले पंजे,
उघडतात, मिटतात, उघडतात.
मागाला निदान सूत तरी लागतं.
हा काहीच विणत नाही,
आणि थांबत नाही.

लावण्या मालवणात असते, बँकेत.
फोन रविवारी.
"समुद्र बघतेस का गं?"
"तो काय, खिडकीत आहे की."
मग तीच विचारते, "मीठ किती आज?"
मी आकडा सांगतो. ती बरं म्हणते.
मग आईच्या गुडघ्याचं, मग भाड्याचं,
मग ते एक, जे दोन वर्षं आम्ही बोललो नव्हतो,
तेही थोडं.
बारशाला कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं,
लावण्यात लवण असतं.

एप्रिलात पारा त्रेचाळीसवर.
टेबलफॅन टाकीवर, मी विंझणा घेऊन.
रोज लिटरभर पाणी उडून जायचं,
आणि रोज तेवढंच गोडं पाणी घालायचं,
खारं नाही.
पाणी जातं. मीठ कुठं जात नाही.
हे मला कळायला एक गोगलगाय लागली.

मग ती दुपार, लाइट साडेपाच तास नव्हती.
बर्फाच्या बाटल्या सोडल्या, कपानं पाणी उपसलं, ओतलं,
उपसलं, ओतलं.
मासा वर येऊन तोंड उघडत राहिला.
झेनिया संध्याकाळपर्यंत वितळला,
साबणाचा फेस बसावा तसा.
वास आला. हौद नासल्यावर येतो, त्याच जातीचा.
शामलानं न सांगता बादली पुढं केली.
अर्धं पाणी बदलताना तिचा हात कोपरापर्यंत आत होता,
बांगड्या काढून खिडकीत ठेवलेल्या.

फोनवर नेहमीचा आकडा सांगितला.
लावण्या गप्प राहिली, मग म्हणाली,
"खोटं सांगताय."

बावीस दिवसांनी, रात्री दोनला नळ खोकला,
मी हंडे घेऊन उठलो.
टाकीचा निळा दिवा चुकून चालू राहिलेला.
दगडाच्या मागच्या अंगाला, जिथं पुसायला हात पोचत नाही,
तांदळाच्या कणीएवढं काहीतरी
उघडलं.
मिटलं.

बाहेर यल्लप्पा ओरडत होता,
मास्तर, पाणी चाललंय की वाया!
हंडा भरून वाहत होता.
मी शामलाला उठवायला आत गेलो.